चूल आणि नस्तर

अमेरिकेत गोरे आपसात लढत होते, म्हणून आमच्या अमरावतीत सगळे शहाणे झाले होते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अशा वेळी मला मुंबईच्या डाक्तरी शाळेत जागा मिळाली आणि घराण्यात एक वेडा निपजला यावर सगळ्यांचं एकमत झालं.

आईने वाद घातला नाही. तिने सरळ निकाल दिला. "तिथं मढी चिराले लावतात म्हंते. चिर. पन मंग माह्या चुलीपाशी पाय ठेवू नोको."

मी हसण्यावारी नेलं खरं. पण तिच्या चुलीपुढे बसून गरम भाकर खाल्ल्याशिवाय माझा एक दिवस गेला नव्हता.

तयारी तर करायलाच हवी होती. माझी तब्येत तपासायचं काम अकोल्याच्या मामांकडे गेलं, कारण ते कापसाचे दलाल होते! कापसाचा पुंजका ओढून धागा पाहावा तसे त्यांनी माझे दंड ओढून पाहिले. "माल कच्चा हाये, पन चालून जाईन," असा शेरा मारला आणि डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवून गेले. त्या लाडवांपासून माझे दात कसेबसे वाचले.

हाताची कला शिकवायला गावात एकच विद्वान होता, आमचा न्हावी. दाढ्या करता करता तो आपल्या नस्तराने, म्हणजे त्या बारीक सुरीने, गळवंही फोडायचा. पहिल्या गळवाला मी असा आडवा झालो की रोग्यानेच मला पाणी पाजलं.

"भाऊ, डोये मिटून नस्तर चालत नसते," न्हावी म्हणाला.

महिन्याभरात मी डोळे उघडे ठेवायला शिकलो. पण रोज घरी यावं तर आई मागल्या दारी पाण्याची घागर घेऊन उभी. "आंघोय कर, मंग आत ये." मढी अजून मुंबईत होती, विटाळ मात्र आगाऊ पोचला होता.

मग कापसाने न्हाव्यालाही शहाणं केलं. गावभरच्या दाढ्या वाऱ्यावर सोडून तो गाडीभर कापूस घेऊन अकोल्याला गेला. हत्यारांची धोपटी माझ्याकडे ठेवून गेला. नेमका त्याच आठवड्यात आईच्या उजव्या तळहातात कपाशीच्या सुक्या बोंडाचं टोक मोडलं. तिने कुणाला सांगितलं नाही. हळद लावली, अंगारा लावला. भाकर थापता येईना तेव्हा कुठे आम्हाला कळलं. हात मनगटापर्यंत सुजला होता.

माझ्या निघण्याच्या आदल्या दुपारी ती अंगणात येऊन बसली आणि हात पुढे केला.

"न्हावी गावात नाई. तू हायेस ना?"

मी फार घाबरलो होतो. मी धोपटीतून नस्तर काढलं, आणि ती नस्तराकडे नाही, माझ्या डोळ्यांकडे बघत होती. मी ते मिटले नाहीत. पू आला, रक्त आलं, शेवटी बोंडाचं टोक निघालं. मी फडकं बांधलं आणि सवयीने मागल्या दाराकडे निघालो.

"कुठी चालला?"

"आंघोयीले."

"काहून? माह्या रगताचा इटाळ हाये का तुले? हात धू अन् बस जेवाले."

मी चुलीपुढे बसलो. भाकरी घरातल्या काकूने थापल्या होत्या, सगळ्या कच्च्या. आईने डाव्या हाताने वाढल्या.

"मुंबईहून आला का सिद्दा इथंच येजो," ती म्हणाली. मी चार खाल्ल्या.