रजा न घेणारे गृहस्थ

आखातातल्या शुऐबा बंदरातल्या आमच्या कंपनीत निरोप पाठवायचं टेलेक्स मशीन सांभाळणारे गृहस्थ कधीच रजेवर जात नसत. उन्हाळा आला की आम्ही सगळे मुंबईच्या तिकिटामागे धावायचो, ते मात्र "काय ठेवलंय तिकडे?" म्हणून हसायचे. वाक्य अर्ध्यावर सोडायची त्यांना सवय होती, आणि कोणी जवळ आलं की मशीनमधला कागद तळव्यानं झाकायची. साहेब त्यांच्या निष्ठेचं फार कौतुक करत.

पुढे लागोपाठ दोन टेंडरं अगदी थोडक्यात गेली, तीही एकाच प्रतिस्पर्धी कंपनीकडे. आमचे दर मुख्य कचेरीतून टेलेक्सवरच यायचे, त्यामुळे तेव्हापासून मला ते झाकणं खुपू लागलं. पण पुरावा नव्हता.

मग अपेंडिक्सनं त्यांना आडवं केलं. ऑपरेशननंतर मी इस्पितळात भेटायला गेलो, तर माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "माझ्या जागेवर कोणाला बसवू नका हं. मी दोन दिवसांत..."

दुसऱ्या दिवशी मीच तिथे बसलो. दुपारी फोन वाजला. मी उचलला आणि काही बोलण्याआधीच पलीकडून घाईचा आवाज आला, "भाईसाब, नये टेंडर का रेट मिला क्या?"

क्षणभरानं फोन बंद झाला.

मी रिसीव्हर ठेवला. तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. टेबलावर फळांची करंडी होती.

"बरं झालं आलात," साहेब म्हणाले. "इस्पितळात निघालोय. असा माणूस शोधूनही सापडायचा नाही."

"साहेब," मी म्हटलं, "आधी दार लावून घेऊ."