वीस मिनिटं हात न लावता

सोलापूरला जायचं ठरलं तेव्हा माझी बॅग आधीच भरलेली होती, पण भलत्याच गावासाठी. पूर्व आफ्रिकेतल्या एका जिल्हा रुग्णालयात सहा महिने काम करायचं, म्हणून मच्छरदाणीपासून टॉर्चपर्यंत सगळं कोंबून ठेवलं होतं. मी पुण्यात इमर्जन्सीची डॉक्टर. खेड्यापाड्यांत आणि दूरदेशी काम करू इच्छिणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी वर्षभराचं एक प्रशिक्षण असतं, ते मी जवळजवळ संपवलं होतं. राहिली होती एक अट: पाच दिवस एका ग्रामीण रुग्णालयात राहायचं आणि तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी फॉर्मवरचा शेवटचा रकाना भरायचा. ‘एकटीनं सांभाळू शकेल का?’ त्यांनी ‘हो’ लिहिलं तर विमान, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

पाच दिवस म्हणजे माझ्या मते पाच दिवस वाया. आई म्हणाली, "जा गं, जरा बूड टेकेल एका जागी." ते टेकत नाही, हे तिलाही माहीत आहे. मी जेवतानासुद्धा एक पाय दाराकडे ठेवून बसते.

सोमवारी पुण्याहून पहाटेची गाडी धरली. जाणार असाल तर हीच धरा, चारेक तासांत सोलापूर येतं आणि अख्खा दिवस हाताशी राहतो. स्टेशनाबाहेर रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. सात रस्त्याजवळ एका खानावळीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि वर हवी तेवढी आमटी मिळाली, तीही शंभराच्या आत. कडक भाकरी चावून खायची असते, घाईनं नाही. मी घाई केली आणि टाळू सोलून घेतला. मग वडाप, म्हणजे माणसं भरेपर्यंत न हलणारी जीप. ती भरायला पाऊण तास लागला. त्या वेळात मी तीनदा उतरले, दोनदा ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "ताई, निघनार म्हंजे निघनार की. तुमी बसा."

होटगीच्या पुढे अक्कलकोटच्या अंगाला रस्ता बरा आहे, शेवटचे पाच किलोमीटर सोडून. दोन्हीकडे ज्वारी उभी होती, मधे तुरीची काढणी चाललेली. रुग्णालय वीस खाटांचं. तिथले डॉक्टर बिराजदार हे साठीकडे झुकलेले, बेताचं बोलणारे गृहस्थ. फॉर्म घेऊन त्यांनी खणात ठेवला आणि म्हणाले, "काढणीचे दिवस आहेत. साप येतील." स्वयंपाकाला मावशी येतील म्हणावं, तसं.

साप मंगळवारी सकाळी दहाला आला. म्हणजे आली शरणव्वा, चाळिशीची बाई, जावेच्या मोटारसायकलवर मागे बसून, पाय फडक्यात गुंडाळलेला. "हावु, हावु," एवढंच म्हणत होती, कानडीत साप. जाऊबाईंनी मराठीत सांगितलं, "तुरीत काय तर चावलं. बगितलं न्हाय आमी. लई आग व्हायलीय म्हनते." पायावर दोन टोचे, थोडी सूज. डॉक्टर बिराजदार ऑपरेशनमध्ये अडकलेले. वॉर्डात मी आणि वनिता सिस्टर. सिस्टर होटगीच्या, इथं वीस वर्षं आहेत, फोन उचलला की आधी ‘जय भीम’ म्हणतात आणि मगच कामाचं बोलतात.

घोणस चावली की रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायची इथली पद्धत अशी: काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच वाकडी करायची. रक्त गोठलं असेल तर बरं, ओघळलं तर विष भिनलंय, विषावरची लस द्या. यंत्र नाही, बटण नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहूनही आले होते. प्रत्यक्षात वीस मिनिटं कधी थांबले नव्हते, कारण पुण्यात आमच्याकडे रक्त प्रयोगशाळेत जातं आणि आकडे येतात.

नळी खिडकीत उभी केली. मी नाडी बघितली, सूज मोजली, सलाईन बघितलं, पुन्हा नाडी बघितली. शरणव्वा कण्हत होती. घड्याळ हलेना. आठव्या मिनिटाला मी नळी उचलली आणि वाकडी केली. रक्त ओघळलं.

"पातळ आहे! सिस्टर, लस काढा. दहा बाटल्या."

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. "मॅडम, आठच मिंटं झाली."

"ओघळतंय, दिसत नाही का?"

"आठ मिंटाला माजं पण ओघळंल की. वेळेआधी हलवलेली नळी आमी धरत न्हाय. नवी लावू."

"मी डॉक्टर आहे सिस्टर."

"व्हय. आन फ्रीजची चावी माज्याकडं हाय." त्यांनी खिसा थोपटला. "दहाच बाटल्या हायत. नवा माल गुरुवारी येणार. हिला लागल्या तर सगळ्या देते, पर वीस मिंटानी."

संतापानं माझे कान तापले. पण त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि म्हणूनच संताप जास्त होता. शिवाय ती लस कधीकधी अंगावर उलटते, उगीच टोचण्यासारखी ती नाही. दुसरी नळी भरली. सिस्टरांनी आपल्या डब्याच्या पिशवीतून भाकरीची छोटी दुरडी काढली, भाकरी बशीत ठेवली आणि दुरडी त्या नळीवर पालथी घातली. शरणव्वानं मान वळवून ते पाहिलं. तिच्या जाऊबाईंनीही पाहिलं. वॉर्डात आठ माणसं होती, सगळ्यांनी पाहिलं.

वीस मिनिटांनी दुरडी उचलली. रक्त घट्ट गोठलेलं. तीन तास दर अर्ध्या तासानं नवी नळी, दर वेळी दुरडी, दर वेळी गोठलेलं. सूजही वाढली नाही. दोनला डॉक्टर बिराजदार आले तेव्हा मीच त्यांना सगळं सांगितलं, आठव्या मिनिटासकट. ते "बरं" म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्या ‘बरं’नं माझं जेवण गेलं. आफ्रिका बोंबलली, हे मी धरून चालले.

बुधवारी सकाळी बॅगेची चेन उघडत-लावत क्वार्टरवर बसले होते, तेवढ्यात हाक आली. महादेव नावाचा शेतकरी, तुरीची पेंढी उचलताना हाताला चावा. साप याच्याही नजरेस पडला नव्हता. सूज किंचित, हिरड्यांतून रक्त नाही, लघवी स्वच्छ. कालच्यासारखंच सगळं, आणि कालच्यासारखंच काही सांगता येत नव्हतं. नळी भरली. सिस्टरांनी दुरडी पुढे केली.

"नको," मी म्हटलं. "उघडीच राहू दे."

स्टूल ओढून नळीसमोर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. लहानपणी वर्गात शिक्षा म्हणून बसवायचे तसे. पाचव्या मिनिटाला पाय हलायला लागला. नवव्या मिनिटाला मी अर्धी उठले. पलीकडच्या खाटेवरून, घरी जायची वाट बघत बसलेली शरणव्वा मोठ्यानं म्हणाली, "सुम्म कुंदर्री, डॉक्टर!"

"गप बसा म्हनते," सिस्टर म्हणाल्या. वॉर्ड हसला. महादेवही हसला, हात धरून. मी बसले. तेवढ्यात डॉक्टर बिराजदार दारात येऊन उभे राहिल्याचं मला दिसलं, पण मान वळवली नाही. महादेवला विचारलं, तुरी किती झाल्या, घरी कोण कोण आहे. दोन मुली, थोरली बारावीला. तो बोलत होता आणि मी काचेकडे बघत होते. इतकी भीती मला मोठ्या अपघातांतही वाटलेली नाही.

वीस मिनिटं. नळी वाकडी केली. रक्त पाण्यासारखं घरंगळलं.

सिस्टर तोवर फ्रीजपाशी पोचल्या होत्या. दहाच्या दहा बाटल्या लागल्या, एकही शिल्लक राहिली नाही. अर्ध्या तासात लस आत गेली आणि मग महादेवला अॅम्ब्युलन्सनं सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा मी रिकाम्या फ्रीजसमोर उभी राहिले. काल चावी माझ्या हातात असती तर तो कालच रिकामा झाला असता. सिस्टरांना म्हटलं, "काल तुम्ही चावी दिली असती तर?" त्या म्हणाल्या, "दिली न्हाय की," आणि भाकरी दुरडीत परत ठेवायला लागल्या.

गुरुवारी लस आली, आणि शरणव्वाच्या जाऊबाईंनी हुरडा पाठवला. जानेवारीत या बाजूला आलात तर हुरड्याला नाही म्हणू नका, सोबत शेंगाची चटणी मागून घ्या. सोलापूरहून निरोप आला: महादेवचं रक्त गोठायला लागलंय, मूत्रपिंडं ठीक आहेत. शुक्रवारी निघताना डॉक्टर बिराजदारांनी फॉर्म पाकिटात घालून, डिंकानं चिकटवून हातात दिला. काय लिहिलंय ते विचारायचं धाडस झालं नाही. गाडीला वेळ होता म्हणून भवानी पेठेत आईसाठी चादर घेतली. दुकानदारानं चौदा चादरी उलगडून दाखवल्या आणि मी चौदाही बघितल्या.

पुण्यात येऊन पाकीट तसंच कार्यालयात देऊन आले. बॅग दाराशी आहे, मी तशीच आहे. वडाप आता आली तर पुन्हा तीनदा उतरेन. पण कामावर कुणाची तरी नाडी बघताना त्या रिकाम्या फ्रीजची आठवण येते आणि हात आपोआप थांबतो. महादेवच्या थोरल्या मुलीचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, तरी तो डोळ्यांसमोर येतो.

सोमवारी कार्यालयातून फोन आला. पलीकडचे गृहस्थ गोंधळलेले होते. "मॅडम, तुमच्या शेवटच्या रकान्यात एका उपकरणाचं नाव आहे, ते आमच्या यादीत सापडत नाही. आफ्रिकेत ते लागणार आहे का?"

"काय लिहिलंय?"

"‘एकटीनं सांभाळू शकेल का?’ पुढे लिहिलंय, ‘हो. दुरडीशिवाय.’"