भिंतीवरची व्यंगचित्रं

कारगिलच्या लढाईच्या उन्हाळ्यात मी दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. कचेरीत नवे कॉम्प्युटर आले होते आणि हाताने नकाशे काढायचं काम जवळजवळ संपलं होतं. नोएडात नवा फ्लॅट घेतला होता, तिथे तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नसे. एकूण सगळ्याचाच शीण आला होता.

तशात आमच्या मराठी मंडळात निरोप आला. लष्करी हॉस्पिटलात आपल्याकडची जखमी पोरं आहेत, त्यांच्याशी घरच्या भाषेत बोलायला कुणीतरी या. बायको म्हणाली, "तुम्ही जा. ऑफिसात नुसते बसून तर असता."

गेलो, पण मला बोलता कुठे येतं? "बरं आहे ना?" एवढंच विचारलं. मग खिशातली पेन्सिल काढली आणि जुन्या नकाशाच्या पाठकोऱ्या कागदावर एक चित्र काढलं. हॉस्पिटलच्या कडक पोळीमागे दडलेला जवान, आणि पोळीवर आपटून माघारी पळणारी गोळी. कागद खाटेखाटेवर फिरला. पोटाला टाके घातलेला एकजण कळवळत म्हणाला, "काका, हसवू नका, टाके उसवतील!" सिस्टरने ते चित्र भिंतीवर चिकटवलं.

मग रोजचंच झालं. दोन बस बदलून, घामाने निथळत जायचं, एक चित्र काढायचं आणि परत यायचं.

कोपऱ्यातल्या खाटेवर कोल्हापूरकडचा, नाईक हुद्द्याचा एक जवान होता. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. तो कधी हसला नव्हता. एका संध्याकाळी त्यानेच हाक मारली. "माझं बी काढा की. गावाकडं धाडायचंय."

मी मिशीवाला जवान काढला, जोरात पळणारा, मागे उधळलेली म्हैस. त्याने कागद हातात घेऊन पाहिला.

"काका, दोन्ही पाय काढलंसा की."

हात सवयीने चालला होता. "चुकलं रे माझं," म्हणत मी कागद ओढायला गेलो, तर त्याने तो छातीशी धरला.

"ऱ्हाऊ द्या. ह्यो आईला धाडतो. तिला अजून सांगितलं न्हाई. बायकोसाठी दुसरा काढा, एका पायाचा. तिला ठावं हाय."

मी काढायला घेतलं. तोच सांगत होता, "कुबडी दावा. आन् म्हस दमल्याली दावा, जीभ भाईर. एका पायावर बी मी तिच्या म्होरं." आणि तो हसला. शेजारचेही हसले. मला काही हसू आलं नाही.

घरी बायकोने विचारलं, "आज काय काढलंत?"

"म्हैस," म्हटलं आणि आडवा झालो.

आठ-दहा दिवसांनी त्याला बायकोचं पत्र आलं. पाकिटं वेगळी असली तरी घर एकच. आईने दोन्ही चित्रं बघितली होती.

"मग? काय म्हणाली आई?" मी भीत भीत विचारलं.

"दोन दिस जेवली न्हाई म्हणं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, त्या चित्र काढणाऱ्याला सांगा, ही म्हस आपली न्हवं. आपलीचं एक शिंग मोडकं हाय." त्याने डोळे पुसले. "बरं झालं कळलं ते. मला काय सांगवलं नसतं."

पुढे त्याला कृत्रिम पायासाठी पुण्याला हलवलं. लढाई संपली, पोरं एकेक करून गेली. वॉर्ड रंगवायला काढला तेव्हा सिस्टरने भिंतीवरचे कागद सोडवून माझ्या हाती दिले. अधूनमधून ते काढून बघतो. बेताचीच चित्रं आहेत. त्या पोरांना त्यावर एवढं हसू कसं आलं, कोण जाणे.