वजनात बसलेली पोर

आमची मोठी सातवीत होती तेव्हा कबड्डीत ती सहसा कुणाच्या हाती लागत नसे. शाळेतून आली की माझ्यासोबत रिसोडच्या बाजारासाठी वांगी तोडायची, दोन भाकरी हाणायची आणि अंधार पडेपर्यंत मैदानावर. तिचं जेवण बघूनच माझं पोट भरायचं.

आठवीत ती शाळेच्या संघात गेली. वाशीमला जिल्ह्याची स्पर्धा होती. तिथे खेळाआधी मुलींना काट्यावर उभं करतात आणि ठरल्यापेक्षा वजन जास्त भरलं की घरी पाठवतात. आमची दीडेक किलो जास्त भरत होती. वाढत्या अंगाची पोर, भरणारच. पण खेळाच्या सरांनी फर्मान काढलं, की संध्याकाळचं जेवण बंद, भर उन्हात स्वेटर घालून पळायचं आणि शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा घोटभरच.

भाजीची पोती मोजायचा काटा आमच्या ओसरीवरच असतो. तिचे बाबा तिला रोज त्यावर उभं करायचे आणि आकडा सरांना फोनवर कळवायचे. माझं डोकं फिरायचं. सर घरी आले तेव्हा मी तोंडावरच विचारलं, "पोरगी हाय का वांग्याचं पोतं?"

"वहिनी, तुमाले खेळातलं काय समजते?" सर म्हणाले. "चार दिवस कळ काढा. पोरीचं नाव होईन."

तिचे बाबा मान डोलावत होते. त्या चार दिवसांत मी चुलीपुढे बसून भाकरी थापायची आणि पोर तोंड फिरवून आतल्या खोलीत जाऊन पडायची.

स्पर्धेला तिच्या बाबांसोबत मीही गेले. ती वजनात बसली. सरांनी तिची पाठ थोपटली, हातात एक केळं दिलं आणि लगेच सामना. दुसऱ्या की तिसऱ्या चढाईत ती समोरच्यांच्या अंगणात गेली आणि कुणी हात लावायच्या आधीच मटकन खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. सर रेषेबाहेरून ओरडले, "ऊठ, नाटकं कायले करून राह्यली?" त्यांच्या आवाजात तिच्या बाबांचाही आवाज होता. मी पाणी घेऊन धावले तर पंचांनी मलाच अडवलं.

सामना आम्हीच जिंकलो. त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर तिनं खेळ सोडला. सर म्हणाले, या वयात पोरी लाजतात. तिच्या बाबांनी मोबाईलला दोष दिला. दोघांनीही तिला मात्र विचारलं नाही. मी वांगी तोडताना विचारलं, "काहून सोडलं वं?"

तिनं हातातलं वांगं टोपलीत टाकलं. मग म्हणाली, "आई, मले आता भाकरी पाह्यली की भेव वाटते."

मला त्या वाफ्यातच रडू कोसळलं.

परवा गल्लीतल्या चिमुरड्या पोरी दारात आल्या. "ताई, चाल ना. आमच्यात एक पोरगी कमी पडून राह्यली."

ती चटकन उठली. ओढणी कमरेला बांधली. कितीतरी दिवसांनी तिला तशी उठलेली बघून माझा जीव हरखला. मग ती उंबऱ्यातच थांबली आणि त्यांना म्हणाली, "तुमी वजन घेता का?"

पोरी खिदळल्या. त्यांना वाटलं, ताई गंमत करतेय. ती त्यांच्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.