हाऊसमास्तरांचा मुलुंडचा मुक्काम

दादा गेला ही बातमी मला कुणी सांगितली नाही, ती मलाच सगळ्यांना सांगावी लागली. सकाळचा चहा घेऊन तो गॅलरीतल्या खुर्चीत बसला होता. मी आत भाजी निवडत होते. अजून अर्धा कप हवा का, हे विचारायला गेले तर... मान जराशी कलली होती, एवढंच. पाठ तेव्हाही ताठ होती. मी त्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला आणि दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या आवारात माणसंच माणसं जमली. काही फौजेतली, काही ऑफिसातून आलेली, काही कारखान्यातल्या कपड्यांवरच आलेली. स्मशानात त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती पोटं सुटलेली, केस पिकलेली माणसं आपोआप तीन रांगा करून उभी राहिली. आमचे सेक्रेटरी हळूच माझ्या कानाशी आले. "काकू, हे सगळे एकाच ऑफिसातले का?" तशा अवस्थेतही मला हसू आलं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एका लष्करी निवासी शाळेत गणित शिकवायचा आणि तिथला हाऊसमास्तर होता. दहा-अकरा वर्षांची पोरं आईबापांना सोडून तिथे कॅडेट म्हणून येतात. त्यांना नीट उभं राहायला, शर्टाचं बटण टाकायला आणि पत्र न रडता लिहायला शिकवायचं, हे सगळं हाऊसमास्तरच्या वाट्याला. आम्ही घाटकोपरच्या चाळीत वाढलो, वडील गिरणीत होते. नोकरी लागली आणि दादा घाटावर गेला तो गेलाच. लग्न केलं नाही. आईने विषय काढला की आमच्या मालवणीत म्हणायचा, "अगो, साठ पोरगे आसत माका, आणि खंय ठेवू?" मे महिन्यात मुंबईला यायचा, पण तिसऱ्या दिवशी त्याची चुळबूळ सुरू व्हायची. पोरांचा गलका नसला की त्याला म्हणे झोप लागायची नाही. आमच्या चाळीत गलका काय कमी होता? पण त्याला हवा होता तो वेगळा.

निवृत्तीनंतरही तो मुंबईला आला नाही. शाळेच्या फाटकाबाहेरच खोली घेऊन राहिला, बिगूल ऐकू यावा म्हणून. मग एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडला, हात मोडला, आणि माझं डोकं फिरलं. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात, घर रिकामं. तडक गाडी करून गेले आणि म्हटलं, "पुरे झालं आता. चल मुलुंडला." दादाने वाद घातला नाही. बॅग भरली आणि निघाला. त्याने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच धाकधूक. हा माणूस इथे रमेल का, की माझ्या समाधानासाठी निमूट दिवस काढील?

पहिल्याच दुपारी गंमत झाली. आम्ही जेवायला बसलो. जेवण संपलं, ताटं सुकली, पण दादा उठेना. पाहुणा माणूस, आधी कसं उठायचं म्हणून मीही बसून राहिले. हवापाण्याच्या गप्पा संपल्या, गावातल्या लोकांची चौकशी संपली. पंख्याखाली हात वाळून खडखडीत झाले. माझं औषध राहिलं होतं, डोळ्यांवर झापड येत होती. शेवटी न राहवून विचारलं, "दादा, तुला आणखी भात हवाय का रे?"

"नको गो. तू उठल्याशिवाय मी कसो उठू?"

शाळेच्या मेसमध्ये पंगतीतला सगळ्यांत वरिष्ठ माणूस उठल्याशिवाय कुणी उठत नाही. आणि या घरातली वरिष्ठ मी! धाकट्या बहिणीला एवढा मान आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी पोट धरून हसले. पण नंतर वाटलं, हा अजून स्वतःला पाहुणाच समजतोय.

मग रविवारी त्याचे विद्यार्थी येऊ लागले. त्यांतला गावडे न चुकता यायचा. साकीनाक्याला त्याचा सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. फौजेच्या निवडीत तो पुन्हा पुन्हा नापास झाला होता आणि शाळेला तोंड दाखवायचं नाही म्हणून लपून बसला होता. तेव्हा दादा त्याला हुडकत मुंबईला आला होता. "माका गणिताक पोरगे होये होते, नुसते फौजेक न्हय," एवढंच म्हणाला होता, असं गावडे सांगतो. त्या दोघांच्या गप्पा ऐकून घर भरल्यासारखं वाटायचं. पण दादाला "बरं वाटतंय ना रे इथे?" असं विचारलं की तो "झकास" म्हणायचा. तापाने फणफणला असतानाही तो झकासच म्हणायचा. त्यावर काय विश्वास ठेवायचा?

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी गावडे आला. मी दादाच्या खोलीतले कपडे आश्रमाला द्यायला बांधत होते. मनातलं एकदाचं बोलून टाकलं. "गावडे, खरं सांग. मी त्याला तिथून उपटून आणला. तो इथे सुखात होता का रे?"

"होते, आत्या. टेन्शन नका घेऊ. मी बघायचो ना."

"काय बघायचास?"

"बूट."

मग त्याने सांगितलं. वसतिगृहात प्रत्येकाचे बूट पलंगाखाली, टोकं बाहेर करून ठेवायचा नियम. नवीन पोरगा आला की दादा त्याला एकट्याला गाठून सांगायचा, "घरची आठवण आली, कुणी छळलं आणि बोलायची लाज वाटली, तर बोलू नको. बुटांची टोकं भिंतीकडे कर." फेरीला आल्यावर दादा बघायचा आणि गप्प राहायचा. दुसऱ्या दिवशी त्या पोराला काहीतरी उचलायला म्हणून सोबत न्यायचा आणि वाटेत त्याचं सगळं ऐकून घ्यायचा. ही खूण फक्त आपल्यालाच दिलीय, असं प्रत्येकाला वाटायचं. मोठे झाल्यावर एकमेकांत बोलताना ते उघडकीला आलं.

"सरांची ती सवय सुटणार कुठे? मी दर रविवारी पाया पडायला वाकलो की कॉटखाली बघायचो. कायम सरळ. एकदाच उलटे दिसले."

"कधी रे?"

"तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनला ॲडमिट होतात ना, तेव्हा. तुम्ही त्यांना सांगितलं होतं, येऊ नकोस, दगदग होईल. मी म्हटलं, सर, जरा सामान उचलायला हात द्या, चला. आणि सरळ तुमच्याकडे घेऊन आलो."

आठवलं मला. दादा काठी टेकत माझ्या पलंगापाशी आला होता. "गावड्याचा हयसर काम होता, म्हणान इलंय," म्हणाला होता. मी वसकन ओरडले होते, मग त्याचं काम कर, इथे काय बसलायस? तो हलला नव्हता. भेटीची वेळ संपून वॉचमनने उठवेपर्यंत माझा हात धरून बसला होता.

गावडे गेल्यावर मी कॉटचा आधार घेत कशीबशी खाली बसले. बूट तिथेच होते, पॉलिश केलेले. टोकं बाहेर, माझ्याकडे.