भौ उजवीकडूनच वळतात

फुटबॉलची गोष्ट म्हटली की तुम्ही आतापासूनच तयार होऊन बसले असान. शेवटचा मिनिट, बरोबरीचा स्कोर, म्हातारा खेळाडू लंगडत येते, गोल मारते, पब्लिक त्याले खांद्यावर घेते. बसा तयार. या गोष्टीत गोल नाही. मॅचच नाही. बॉल होता, पण त्यात हवा नव्हती, कारण पंप गोलकीपरच्या घरी राहिला होता.

झालं एवढंच की एका रविवारी संध्याकाळी आम्ही सहा-सात जण मैदानावर चुन्याच्या लायनी मारून राहिलो होतो, अन् तिथंच आमच्या स्टॉपरनं खेळणं सोडलं. ते माह्यामुळं झालं असं आमच्या कोच सरचं म्हणणं आहे.

माहं शिक्षण खापरखेड्याचं. अभ्यासात मी काही नव्हतो, पण हेडमास्तरचा खोकला असा काढत होतो की मी व्हरांड्यात खोकललो तं तीन वर्ग चूप बसत. एकदा मागं खुद्द हेडमास्तर उभे होते. त्याच्यानंतरचं सांगत नाही. पुढं नागपूरले आलो, एका जुन्या क्लबात लेफ्ट बॅक झालो. पोट्टे म्हणतात मी टीममध्ये टिकलो तो खेळापेक्षा नकलेवर. रेफरी, सर, चहावाला, सारे आहेत माह्याकडं. पण फर्माईश एकच राहते, "भौ कर बे, भौ."

भौ म्हणजे आमचे स्टॉपर, गोलकीपरच्या समोरचा शेवटचा गडी. मी बाराखडी गिरवून राहिलो होतो तवाही ते याच क्लबात खेळत होते. वय विचारलं तं म्हणत, "तुह्या बापाले विचार." सकाळी मैदान, दिवसभर इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानात काम. मॅचमध्ये ते "लायन!" म्हणून ओरडले की आमच्यासोबत समोरच्या टीमचे पोट्टेही लायनीत येऊन जात.

दरवर्षी सीझनच्या प्रॅक्टिस कॅम्पच्या आधी भौ म्हणत, "यंदा शेवटचं रे बाप्पा." अन् पहिल्या दिवशी साऱ्यांच्या आधी हजर. यंदा ते हे बोललेच नाही. सरनं दोनदा विचारलं, "भौ, नाव लिहू ना?" तं म्हणाले, "पाहू." भौ अन् पाहू! टीममध्ये कुजबुज सुरू झाली.

सरची अडचण खरी होती. कॅम्प सोमवारी सुरू होणार. भौ नसन तं कन्हानच्या एका उंच पोट्ट्याले घ्यायचं होतं, अन् तो दुसऱ्या क्लबाले हो म्हणायच्या तयारीत होता. सर अन् भौ कधीकाळी एकाच टीममध्ये खेळलेले, त्यामुळं सरले डायरेक्ट काही बोलवत नव्हतं. शेवटी म्हणाले, "रविवार संध्याकाळपर्यंत सांगा भौ. माह्या हातानं तं तुमचं नाव काटवणार नाही."

तो रविवार आला. कॅम्पच्या आधी लायनी मारायचं काम भौचं. दोघांनी रस्सी ताणून धरायची अन् भौनं डब्ब्यातून चुना सोडत जायचं. त्यांची लाइन सरळ येते. त्या दिवशी ते अजून यायचे होते, म्हणून आम्हीच सुरू केलं, तं पेनल्टी बॉक्सची लाइन कन्हान नदीसारखी वळत गेली. सर झाडाखाली फोनवर लागलेले. पोट्टे बोर झाले.

"भौ कर बे."

मी डब्बा खाली ठेवला. छाती काढली, पोट आत घेतलं, मग थोडं बाहेर सोडलं. इथंच अर्धे पोट्टे हसून लोळले. मग "लायन!" ओरडलो. मग माहा हिट आयटम. डोक्यावरून बॉल डाव्या बाजूले जाते, अन् भौ वळतात. डावीकडं वळायचं सोडून उजवीकडून पूर्ण गोल फिरतात, जसा टेम्पो इतवारीच्या गल्लीत वळवायले जागा नसली की पुढच्या चौकातून फिरून येते. तोवर बॉल गेला. मग भौ पडतात. उठताना आधी एक हात जमिनीवर, मग एक हात गुडघ्यावर, मग तिथंच थांबून लेस बांधतात, म्हणजे पब्लिकले वाटन माणूस लेससाठी थांबला.

पोट्टे चुन्यात लोळून राहिले होते. मग गोलकीपर हसायचा थांबला. मग बाकीचे थांबले. मी मागं पाह्यलं.

भौ. स्कूटर स्टँडवर लावलेली, हेल्मेट अजून डोक्यावर.

पकडल्या गेलेला नकलाकार काय करते? मी ताबडतोब सरची नक्कल सुरू केली.

"ते राहू दे," भौ म्हणाले. हेल्मेट काढलं. "वळायचं परत कर."

"भौ, मजाक होता..."

"कर म्हणून राहिलो ना."

मी केलं. या वेळी कोणी हसलं नाही, अन् हसणारं कोणी नसलं की नक्कल लय नंगी दिसते.

"बॉल डावीकडून गेला. तू उजवीकडून काहून वळला?"

"तुम्ही तसेच वळता, भौ."

"मी?"

"हो."

"कवापासून?"

मले वाटलं खोटं बोलावं. पण हात-पाय सारे सांगून बसले होते. "दोन सीझन झाले असन."

भौनं गोलकीपरकडं पाह्यलं. तो बिचारा मोजे वर करू लागला. मग भौ मले म्हणाले, "त्याच्या आधी कसा वळत होतो?"

हे मले कोणी कधी विचारलं नव्हतं. पण ते माह्याकडं होतं. टीममध्ये नवा आलो तवा मी पहिले तेच उचललं होतं. डाव्या पायावर सारं वजन, टाच जमिनीत खुपसायची, अन् झटक्यात फिरायचं, बॉल पडायच्या आधी त्याच्या खाली उभं. मी ते केलं. मग पडून दाखवलं अन् हात न टेकता उठून दाखवलं. जुने भौ अन् आताचे भौ, एकामागं एक. मी आपला करत गेलो, जसं मास्तरनं फळ्यावर बोलावलं.

"अन् लेस?"

"लेस बांधलेलीच राहते भौ. तुम्ही नुसता हात लावता."

त्यांनी खरंच आपल्या पायाकडं पाह्यलं. त्या दिवशी त्यांच्या पायात चपला होत्या.

"मंग माह्या डावीकडून जाते तो बॉल काढते कोण?"

गोलकीपर मोज्यांतूनच बोलला, "हाच काढते. हा आपली जागा सोडून तुमच्या मागं येते."

भौनं आमच्या वाकड्या लाइनीवर पायानं माती लोटली, रस्सी घट्ट करून घेतली अन् डब्बा उचलला. त्यांनी सारा पेनल्टी बॉक्स पुन्हा मारला. आम्ही रस्सी धरून उभे. वाकताना ते कण्हत होते. हे मी आधीही ऐकलं असन, पण त्या दिवशी मोजून ऐकलं. काम झाल्यावर हात झटकले अन् झाडाखाली गेले. सर फोन कानाले लावूनच होते.

"कन्हानच्या पोट्ट्याले हो म्हणा," भौ म्हणाले.

"भौ, घाई नोको, अजून..."

"हो म्हणा. माहं झालं."

सरनं फोन खिशात टाकला अन् सरळ माह्याकडं आले. "काय केलं बे तू? दोन महिने झाले मी शब्द शोधून राहिलो त्याच्याशी बोलायले! दोन महिने! अन् तू पाच मिनिटांत माह्या स्टॉपरले नक्कल करून घरी पाठवला? कॅम्प उद्या आहे, भैताडा! त्या पोट्ट्याले ऑफसाइड लायन कोण शिकवन? तू? खोकलून दाखवशीन त्याले?"

मी "सॉरी सर" म्हटलं. ते सरच्याच आवाजात निघालं. सवय. सरनं चुन्याचा रिकामा डब्बा फेकून मारला. लागला नाही.

मले वाटलं आजच्या शिव्या झाल्या. स्कूटरजवळ भौ उभे होते. जाताना पाया पडावं म्हणून गेलो, वाकलोही.

"उभा राह्य. पाया नोको पडू." आवाज मैदानावरचाच होता, फक्त जवळून. "नक्कल केली त्याचा राग नाही मले. दुकानात मीही मालकाची करतो. पण गेल्या सीझनले आपण तुह्या साइडनं किती गोल खाल्ले? दर वेळी मी तुले शिव्या घातल्या, का जागा सोडते म्हणून. पब्लिकसमोर घातल्या. तुह्या बापासमोर घातल्या एकदा. अन् तू माह्यासाठी जागा सोडून राहिला होता, अन् खाली मुंडी घालून ऐकून घेत होता. काहून?"

"तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही सोडलं असतं, भौ."

"मंग सोडलं असतं! दोन वर्षांआधी सोडलं असतं! दोन वर्षं मी समजून राहिलो का माहं अजून चालते. माही बायको म्हणे गुडघा दाखवा डॉक्टरले, मी म्हणो तुले फुटबॉल समजत नाही. तिले समजत होतं, तुले समजत होतं, ह्या मोजेवाल्याले समजत होतं. एक मी भैताड. पोट्ट्यांले हसवायले तुले बरं जमलं, मले बाजूले घेऊन सांगाले काय झालं होतं?"



भौनं स्कूटरले किक मारली. ती सुरू नाही झाली. दुसरी मारली. मग उतरले, अन् मले म्हणाले, "मार तू." मी मारली, सुरू झाली. ते बसले, अन् तरीही संपलं नव्हतं.

"दात नोको काढू. उद्या साडेपाचले इथं पायजे. तो कन्हानचा पोट्टा नवा आहे, चुकन. त्याच्या मागं लपून-छपून धावशीन ना, तं मी येऊन पाय तोडीन तुहे. चुकला तं ओरडायचं. तोंडावर. समजलं का बे? हो म्हण. मुंडी काय हलवते, तोंडानं हो म्हण!"