फरशीत मुरलेली पावलं

माझी पावलं माझ्या सासरी माझ्याहून जास्त टिकतील, असं मला वाटायचं. लातूरच्या त्या घरात दारापासून देवघरापर्यंत ती जमिनीत मुरलेली होती, आणि साबण, सोडा, फिनेल, कशालाच दाद देत नव्हती.

जमिनीला फरशी म्हटलेलं माझ्या सासऱ्यांना खपायचं नाही. ‘‘फरशी न्हाई ती, काँक्रीट हाय,’’ असं ते दारात आलेल्या पोस्टमनलाही सांगायचे. पॉलिश केलेलं काँक्रीट. गाड्यांच्या शोरूममध्ये असतं तसलं करडं, गुळगुळीत, वाकून पाहिलं तर वरच्या पंख्याची पाती दिसावीत इतकं चकचकीत. आमच्या ओळखीत घरात असलं कुणी केलं नव्हतं. लोक यायचे, दिवाणखान्यातून चक्कर मारायचे, चहा प्यायचे आणि जाताना विचारायचे, ‘‘मग फरशी कवा बसवणार?’’ सासऱ्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूला आत्या. मामांचं मूळ गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात त्यांची आई आणि धाकटा भाऊ दगडमातीच्या भिंतीखाली गेले. मामा राखणीला शेतात होते म्हणून वाचले. आईला त्यांनी स्वतःच्या हातांनी उकरून काढलं. तेव्हापासून दगडाशी त्यांचं वैर. घरात पाटा-वरवंटा नाही, खलबत्ता लोखंडी, ओटा स्टीलचा, उंबरा लाकडाचा. मुतखड्याचा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी ‘खडा’ म्हटल्याबरोबर ते भिंतीकडे तोंड करून बसले, आणि मी हसू दाबायला बाहेर पळाले. मी अशीच आहे. चांगल्या माणसाच्या दुखण्यावरही मला हसू येतं, आणि तेव्हा तर मी मामांना फार चांगलं समजत होते.

काँक्रीटच्या पोटातही खडीच असते, हे त्यांना ठाऊक होतं. पण नांदेडच्या मिस्त्रीनं त्यांना शब्द दिला होता की वरची साय तेवढी घासू, खडीपर्यंत जाणारच नाही, एक दगड दिसायचा नाही. आणि त्यानं तो पाळलाही. फक्त डाग आत मुरू नयेत म्हणून शेवटी रसायनाचा एक हात मारतात, तो राहिला, कारण आमच्या लग्नाची तारीख आली. मिस्त्री बजावून गेला, ‘‘चाय, तेल, भाजी, काय बी सांडू नका. लग्न उरकलं की येतो.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि आचाऱ्याला मागच्या दारानं ये-जा करायला लावलं. कुंकवाचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही. आपल्याकडे कुंकू सांडत नसतं, ते वाहतात.

मी माप ओलांडलं. कुंकवाच्या पाण्याची परात पुढे आली. माझी मावशी पांढरं कापड अंथरायला निघाली, तशी आत्यांनी तिला अडवलं. ‘‘कापड कशाला? नव्या जमिनीवर उमटू दे की. व्हिडिओत लई छान दिसंल.’’ व्हिडिओत खरंच छान दिसलं. दुसऱ्या दिवशी पुसायला घेतलं तर पावलं जागची हलेनात.

सुरुवातीला कौतुक झालं. ‘‘लक्ष्मी मुरली घरात, आता जात न्हाई ती,’’ असं शेजारणी म्हणायच्या. आत्या येईल त्या बाईला आधी पावलं दाखवायच्या आणि मग पाणी विचारायच्या. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? नांदेडकडच्या नायगावसारख्या ठिकाणची पोरगी मी, लातूरच्या एवढ्या मोठ्या घरात माझा पाय असा कायमचा उमटला होता.

मग एका हळदीकुंकवाला आत्यांची एक लांबची बहीण आली. मोतीबिंदूचा चष्मा सावरत ती खाली वाकली आणि म्हणाली, ‘‘पाय भरलाय की गं सगळा. मधी खळगाच न्हाई.’’

जमलेल्या सगळ्या बायका वाकल्या. माझे तळवे जन्मापासून सपाट आहेत. त्याच तळव्यांवर मी शाळेत पळायच्या शर्यती जिंकलेल्या. पण ती बाई म्हणाली, ‘‘सपाट पायाची, घर सपाट करती.’’ ही म्हण तिनं तिथल्या तिथं जुळवली असणार, कारण त्याआधी किंवा नंतर मी ती कुठे ऐकली नाही. कुणीतरी ‘चला, चहा घ्या’ म्हणालं आणि विषय मिटला, असं मला वाटलं.

तो मिटला नव्हता. शेतातल्या बोअरचं पाणी आटलं. शेजारच्या चार शेतांतलंही आटलं होतं, पण त्या शेतांच्या मालकांना सुना नव्हत्या, म्हणून त्यांनी पावसाला शिव्या दिल्या. धाकटा दीर नीटच्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटला. पोरगं दिवसभर क्लासच्या नावाखाली नाना-नानी पार्कात मोबाईल खेळत बसायचं, हे अख्ख्या लातूरला माहीत होतं. आत्यांनी निकाल ऐकला, पावलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘पांढऱ्या पायाची!’’ लालभडक पावलं समोर असताना मला पांढऱ्या पायाची म्हणायला धाडसच पाहिजे. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या रात्री मला जेवायला कुणी बोलावलं नाही.

नवरा काय करत होता, असं कुणीही विचारेल. तो वाईट नव्हता. तेवढीही मेहनत त्यानं कधी घेतली नाही. मोटारपंपांचं दुकान बंद करून यायचा, आईचं ऐकायचा, माझं ऐकायचा आणि आंघोळीला जायचा.

आत्यांनी हट्ट धरला की पावलं घासून काढा, आणि तिला नायगावला सोडून या. दोन्ही गोष्टी त्या नेहमी एकाच दमात म्हणायच्या. मामांनी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बोटानं चाचपून पाहिलं आणि मान हलवली. ‘‘रंग खोल गेलाय, काका. काढायचं तर सायीच्या खाली जावं लागंल. खडी उघडी पडंल.’’

‘‘मग ऱ्हाऊ दे,’’ मामा म्हणाले. ‘‘माझ्या घरात दगड दिसला न्हाई पाहिजे. पावलं ऱ्हातील आन् पोरगी बी ऱ्हाईल.’’

पोरगी बी ऱ्हाईल. ते वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवावं तसं जपलं. आत्यांनी पावलांवर सतरंजी टाकली, तर मामांनी ती उचलून फेकली, ‘‘एवढं घासून घेतलं ते झाकायला का?’’ मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि मनात म्हणत होते, म्हातारा आहे तोवर मला या घरातून कुणी काढत नाही. मी त्यांच्या भाकरीला तूप जास्त लावू लागले. त्यांचे पाय चेपून दिले. सख्ख्या बापाचे कधी चेपले नव्हते.

पुढे दिराला निलंग्याकडचं स्थळ आलं. माणसं घर बघायला येणार होती. आत्या मामांपुढे रडल्या, ‘‘पाव्हण्यांनी इचारलं तर काय सांगू? ही पावलं कुणाची म्हणू?’’

‘‘माझी म्हणा,’’ मी म्हणाले. ‘‘मी इथंच उभी आहे.’’

मामा काठी घेऊन बाहेर निघून गेले. दोन दिवसांनी मला अंगणात बोलावून म्हणाले, ‘‘पोरी, मिस्त्री येणार हाय. नुसतं चमकवून घ्यायचं. पावलांना हात लावायचा न्हाई. पण धूळ लई उडती, छातीत बसती. चार दिवस माहेरी जाऊन ये.’’ ते स्वतः मला बसस्टँडवर सोडायला आले. खिडकीतून केळी दिली. बस निघेपर्यंत उन्हात उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आज त्या पाण्याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

चार दिवसांनी नवऱ्याचा फोन आला की मिस्त्री अजून आला नाही, आणखी थोडं राहा. मग आणखी थोडं. मग त्यानं फोन उचलणंच बंद केलं. आमच्या आईनं गल्लीत सांगून ठेवलं होतं की पोरीच्या घराचं काम निघालंय. शेवटी एका सकाळी मी कुणाला न सांगता निघाले. नांदेडहून लातूरची बस धरली आणि दुपारी घराच्या दारात पोचले.

आत मशीन चालू होतं. त्याच्या आवाजात माझी चाहूल कुणाला लागली नाही. जमिनीवर करडा चिखल पसरला होता. आत्या तोंडाला पदर लावून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मामा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, हातात काठी. मिस्त्रीनं मशीन थांबवलं, पाणी मारून चिखल बाजूला सारला. दारापासून दिवाणखान्याच्या निम्म्यापर्यंत काळी खडी उघडी पडली होती, लहानमोठे दगडच दगड, कापलेले, ओले. माझं एकही पाऊल तिथं नव्हतं. देवघराजवळची तेवढी उरली होती, आणि त्यांतलंही एक अर्धं गेलं होतं.

मामांनी काठी टेकवून दाखवलं. ‘‘अजून अंगठा दिसायलाय बघ. खोल घे.’’

‘‘काका, आणखी खाली गेलो तर इथं बी सगळे दगड दिसतील,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘तुमीच म्हनले होते...’’

‘‘दिसू दे.’’

त्यांचा आवाज जराही हलला नाही. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. ते दचकले नाहीत, उठले नाहीत. काठी माझ्याकडे करून म्हणाले, ‘‘तिथंच थांब. आत येऊ नको.’’

मी त्यांना विचारायचं ठरवलेलं सगळं विसरले. दुःख वगैरे नंतर झालं. त्या क्षणी मला फक्त लाज वाटली, अंग जाळणारी लाज, की या माणसाला मी बाप समजले होते. ज्या दगडांखाली त्याची आई गेली, ते त्यानं पुन्हा घरात घेतले, आयुष्यभर त्यांवरून चालायला तयार झाला, कशासाठी, तर माझा एक अंगठा जावा म्हणून. मिस्त्रीनं मशीन परत चालू केलं. त्याची वायर चिखलात भिजू नये म्हणून कुणीतरी दोन्ही हातांनी वर धरून उभं होतं. तो माझा नवरा होता.